बंदूक जाग्यावर आहे

चहा येईपर्यंत एक गोष्ट सांगतो. तुम्ही लोक मला शहाणा समजता. त्या समजाला धक्का लावायचं जिवावर येतं. पण कनेरगाव नाक्यावर मला ओळखणारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडून तुम्हाला कळण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. आमचं गाव नाक्याच्या कोसभर अलीकडं. नाक्यापलीकडं वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. याचा फायदा जसा व्यापाऱ्यांना, तसाच दरोडेखोरांना. तिकडून यायचं, इकडं हात मारायचा आणि उजाडायच्या आत पुन्हा तिकडं. इकडचे शिपाई नाक्यापर्यंत पाठलाग करणार आणि तिथं दम खात उभे राहणार. त्यांनी तरी काय करावं?

त्या हंगामात शेजारच्या गावात असा एक दरोडा पडला आणि आमच्या गावात सगळ्यांना एकदम आठवलं की, मास्तरांकडं बंदूक आहे.

मास्तर म्हणजे मी. काही वर्षं हिंगोलीला शाळेत शिकवलं, मग वडील गेल्यावर शेती बघायला गावी आलो. मास्तर हे नाव तेवढं बरोबर आलं. बंदूक वडिलांची, ठासणीची, डुकरं हाकायला घेतलेली. परवाना रीतसर माझ्या नावावर करून घेतलेला. गावात परवान्याची बंदूक तेवढीच.

आता ठासणीची बंदूक काय प्रकार असतो, हे तुम्हाला ठाऊक नसेल. नळीत वरून दारू ओतायची, चिंध्या कोंबायच्या, छर्रे टाकायचे, गजानं ठासायचं, मग मागं घोड्याखाली पितळेची टोपी बसवायची. एवढं झाल्यावर दरोडेखोर अजून थांबलेला असेल, तर बार काढायचा.

त्यात आमच्या घरी बंदूक माळ्यावर, दारूचं शिंग कोठीच्या खोलीत आणि टोप्या माझ्या बायकोच्या, म्हणजे सुमनच्या आईच्या, पेटीत, कुलपात. ही मांडणी तिची. मी एकदा तक्रार केली होती की, हे सगळं गोळा करीपर्यंत चोर जेवून जातील. ती म्हणाली, "तेवढ्यात तुमचा राग तं उतरंल." त्या हंगामात तिला जाऊन वर्ष होत आलं होतं, पण मांडणी तशीच होती. मी काही हलवलं नव्हतं.

घरात आम्ही तिघं. मी, माझी मुलगी सुमन आणि आक्का. आक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर नरसीला. यजमान गेलेले, दीर-जावांचं भरलं घर. सुमनची आई गेल्यावर पोरीसाठी म्हणून ती माझ्याकडं येऊन राहिली होती. दरोड्याची बातमी आली, तशी तिनं सरळ सांगितलं की, ती सुमनला घेऊन नरसीला जाते. तिथं घरात धडधाकट पुरुष आहेत.

मी म्हणालो, "इथं मी आहे की."

आक्कानं माझ्याकडं नीट पाहिलं आणि भाजी निवडायला घेतली.

मला काय वाटलं, ते तुम्हाला सांगतो. दरोडेखोरांची भीती मला फारशी नव्हती. त्या दोघी गेल्या की त्या घरात मी एकटा राहणार, याची होती. एका वर्षात घर किती मोठं होतं, हे मी पाहिलेलं होतं. म्हणून मी आक्काला म्हणालो की, बंदूक चुटकीसरशी हातात येते, हे मी तिला दाखवून देतो. मग जायचं की राहायचं, ते तिनं ठरवावं.

हे आमच्या पाटलाच्या कानावर गेलं. पाटील उत्साही माणूस. तो म्हणाला, तालीमच घेऊ. दिवसाउजेडी तो आमच्या दारात येऊन 'आले, आले' म्हणून ओरडेल आणि मी भरलेली बंदूक घेऊन बाहेर यायचं.

पहिली तालीम झाली. माळ्यावरून बंदूक निघाली, कोठीतून दारू निघाली. पेटीची किल्ली मिळाली, पेटी उघडली. पेटी उघडल्यावर मी जरा थांबलो. का, ते राहू द्या. टोपी घेऊन बाहेर आलो, तेव्हा ओट्यावर पाटलाचा चहा संपून पान जमलेलं होतं आणि तो आक्काला त्याच्या म्हशीचं दुखणं सांगत होता.

"या मास्तर," पाटील म्हणाला, "दरोडेखोर तुमची वाट पाहून दमले. घरला गेले."

आक्कानं त्याच दिवशी गाठोडं बांधायला काढलं. मी तिला म्हणालो, आणखी एक संधी दे. ती म्हणाली, ठीक आहे, पण यावेळी पाटील न सांगता येईल. चोर काही निरोप देऊन येत नाहीत.

आता बंदूक ठेवायची कुठं? खुंटीवर टांगली तर चोरालाच आधी दिसणार. बाजेखाली ठेवली तर आक्काच्या झाडूला लागणार. आणि बाकीच्या घरात तर कापूस! आमच्याकडं वेचणीच्या दिवसांत घर माणसांचं राहत नाही, कापसाचं होतं. पुढच्या खोलीत ढीग आढ्याला टेकलेला असतो. माणसं त्याच्या कडेकडेनं राहतात. पाहुणा आला तर त्यावरच बसतो, खोलीत दिवा लावायची बंदी, आणि सगळ्यांच्या डोक्यात, भाकरीत, पाण्याच्या घागरीत कापूस.

माझी बाज त्या ढिगालाच लागून होती. मला एकदम सुचलं. बंदुकीत दारू आणि छर्रे ठासून ठेवले आणि ती उशाशी कापसात खुपसली. टोपी मात्र बसवली नाही, इतपत अक्कल होती. टोपी माझ्या चंचीत, सुपारीशेजारी. पडल्यापडल्या हात घातला की बंदूक बाहेर. मी दिवसातून कितीतरी वेळा हात घालून पाहायचो. सुमन हसायची. तिला हसताना पाहून बरेच दिवस झाले होते, म्हणून मी आणखी दोनदा हात घालायचो.

आक्कालाही मी ते करायला लावलं. तिनं हात घातला, बंदुकीचा दस्ता लागला. ती म्हणाली, "हं, बराबर." आक्काच्या तोंडून एवढं येणं म्हणजे दरबारातून मानाची खिलत मिळाल्यासारखं. गाठोडं तसंच बांधलेलं होतं, पण दारातून उचलून कोपऱ्यात गेलं. मी मनात म्हटलं, जिंकलो.

आणि तेवढ्यात वाशीमला कापसाचा भाव चढल्याची खबर आली.

गावातल्या गाड्या एकदम निघायच्या ठरल्या. सकाळी धांदल उडाली. आमचा गाडीवान किसन आणि दोन गडी खोलीतून कापूस भरून आणत होते. मी बाहेर लिंबाखाली उभा राहून चादर कशी अंथरायची, कापूस कसा तुडवायचा, हे सांगत होतो. त्यांना ते माझ्याहून चांगलं येत होतं, पण मास्तरकी सुटत नाही. गाडी भरली. मी कोट-टोपी चढवून कापसावर जाऊन बसलो. उंचावरून घर छान दिसत होतं. आक्का आणि सुमन दारात उभ्या होत्या. आक्कानं विचारलं, परत कधी?

मी म्हणालो, "उद्या येतोच. तू काही भिऊ नको. बंदूक जाग्यावर आहे. हात घातला की आली."

आक्कानं मान डोलावली. किसननं बैल हाकले.

तुमच्या लक्षात आलंच असेल. माझ्या आलं नाही! बंदूक जाग्यावरच होती. फक्त ती जागा गाडीत भरून मी तिच्यावर बसलो होतो.

रस्ताभर मी निवांत होतो. उलट मला वाटत होतं की, घरी बंदूक आहे ते ठीक, पण वाटेत कोणी गाठलं तर आपल्यापाशी काय आहे? असा विचार करीत मी दोन पानं खाल्ली.

कनेरगावला करोडगिरीचा नाका. जाणाऱ्या-येणाऱ्या मालावर तिथं जकात. कापसाच्या गाडीत लोक अफू दडवतात, चांदी दडवतात, म्हणून नाक्याचा शिपाई लांब लोखंडी सळई घेऊन प्रत्येक गाडीत भोसकून पाहायचा. पुढच्या गाड्यांत सळई लोण्यात जावी तशी गेली. आमच्या गाडीत गेली आणि खण्ण झालं.

शिपायानं पुन्हा भोसकली. पुन्हा खण्ण.

मी वरून मोठ्या अधिकारानं सांगितलं की, गाडीचा आस असेल. शिपाई म्हणाला, आस एवढा वर नसतो. मला उतरवलं, त्यानं कापसात हात घातला, आणि त्याला बंदूक माझ्यापेक्षाही लवकर सापडली.

मी किसनकडं पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या उशाशी होती. मला वाटलं, वाटंसाठी घेतली तुमी. म्हून बराबर तुमच्या बुडाखाली ठिवली, हाताशी यावी म्हून."

शब्द माझेच होते. इतक्या दिवसांत गावात मी दुसरं काही बोललोच नव्हतो.

नाक्याचा जमादार वयस्क माणूस होता, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्यानं बंदूक उलटसुलट पाहिली, नळीत गज घालून पाहिला आणि भरलेली आहे हे कळल्यावर ती अलगद भिंतीला टेकवून ठेवली. मग मला समोर बसवलं.

"कपास में बंदूक कायकू रखे?" त्यानं विचारलं.

मी खरं सांगितलं. "चोर आए तो जल्दी हाथ में आना करके."

"चोर कहाँ आनेवाले थे?"

"घर में."

"तो बंदूक इधर कैसी?"

आता याचं उत्तर मला त्या भाषेतही येत नव्हतं आणि मराठीतही येत नव्हतं. परवाना विचारला, तो घरी. टोपी विचारली, तर मी चंची उघडून सुपारीतून काढून दाखवली, आपली तयारी किती चोख आहे हे त्याला कळावं म्हणून. त्याचा चेहरा उजळेल असं मला वाटलं होतं. तो जास्तच गंभीर झाला. भरलेली बंदूक, खिशात टोपी, सरहद्दीवर, कापसाखाली. शिपाई हळूच त्याला म्हणाला की, माणूस शिकलेला दिसतो, म्हणजे टोळी मोठी असणार. आयुष्यात माझ्या शिक्षणाचा कोणी एवढा मान ठेवला नव्हता.

बाकीच्या गाड्या पुढं गेल्या. आमची अडवून ठेवली. नाक्याच्या अंगणात ताडपत्री टाकून सगळा कापूस उपसला, आणखी बंदुका निघतात का पाहायला. मी भिंतीशी बसून होतो. ऊन चढलं. आणि तेव्हा मला आठवलं की, आक्काला मी काय सांगून आलो आहे. ती रिकाम्या जागी हात घालणार होती. मग मात्र मला जमादाराची भीती वाटेनाशी झाली.

ऊन कलल्यावर पाटील घोडीवरून आला. लांबूनच मला पाहिलं आणि घोडी थांबवून हसून घेतलं. मग जवळ आला. त्याच्या हातात माझा परवाना होता.

झालं होतं ते असं. पाटलानं न सांगता तालीम घ्यायला नेमका तोच दिवस धरला होता. गाड्यांबरोबर मीही वाशीमला निघालो हे त्याला ठाऊकच नव्हतं. दारात येऊन तो 'आले, आले' म्हणून ओरडला. आक्का धावत पुढच्या खोलीत गेली. तिथं भुई आणि भिंत. तिनं बंदूक शोधण्यात वेळ घालवला नाही. मुसळ उचललं आणि दारात येऊन उभी राहिली.

"मास्तर, तुम्हाला खरं सांगतो," पाटील म्हणाला, "मी ओट्यावरून खाली उडी टाकली. तिनं वळखलं म्हून वाचलो."

मग आक्कानंच पाटलाला हिशेब मांडून दाखवला. कापूस गेला, म्हणजे बंदूक गेली. परवाना पेटीत आहे. नाक्यावर धरतील. तिनं परवाना काढून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, घोडी जोरात काढा.

जमादारानं परवाना वाचला. पाटलानं सगळी हकीकत सांगितली, मुसळासकट. जमादार बराच वेळ दाढीवरून हात फिरवत राहिला. हसू दाबत होता की विचार करीत होता, मला कळलं नाही. शेवटी त्यानं सांगितलं की, कायद्यानं बंदूक सोडता येणार नाही, तहसीलचा हुकूम येईपर्यंत ती नाक्यावर राहील. कापूसही पुन्हा भरून होईपर्यंत इथंच, त्याच्यापाशी किसन थांबेल. आणि मी? पाटील जामीन राहत असेल, तर मला घरी न्यायला हरकत नाही.

घरी पोचलो तेव्हा गुरं परतत होती. दारात गाठोडं ठेवलेलं होतं, शेजारी सुमन बसलेली. आक्का बाहेर आली. मुसळ अजून दाराच्या आड उभंच होतं.

"बंदूक कुठाय?" तिनं विचारलं.

"नाक्यावर. जप्त."

"कापूस?"

"तोबी तिथंच."

आक्कानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"सगळ्या कामाच्या वस्तू ठिवून घेतल्या," ती म्हणाली. "मंग तुलाच काहून सोडलं?"

पाटील घोडीच्या आड तोंड करून उभा राहिला. मी एवढंच विचारलं की, निघालात का? निघायचं असेल तर नरसीपर्यंत गाडी मागवतो कोणाची तरी.

आक्कानं वाकून गाठोडं उचललं, आणि सुमनच्या हातात देऊन म्हणाली, "घरात नेऊन सोड पोरी."

मी म्हणालो, "अगं, पण आता तर बंदूकही नाही."

"न्हाई तं न्हाई," आक्का म्हणाली. "चोरांचं मी पाहून घेईन. पण तुला एकट्याला मागं ठिवून गेले, तं उद्या तू घरच गाडीत भरून वाशीमला नेशील."