रेडिओवर बोललो तो मीच

रेडिओवर पहिल्या प्रश्नाला मी नुसती मान हलवली. नागपूरच्या रेडिओ केंद्रात समोर बसलेल्या साहेबांनी विचारलं, "तुम्ही नागभीडकडचे धानाचे शेतकरी, बरोबर?" मी अदबीनं मान डोलावली. "शेती घरचीच?" पुन्हा मान. साहेबांनी यंत्र थांबवायला सांगितलं आणि म्हणाले, "भाऊ, ऐकणाऱ्यांना तुमची मान दिसत नाही हो!"

मग मी बोललो, आणि जरा जास्तच चांगलं बोललो. नागभीडच्या छोट्या गाडीत नागपूर येईपर्यंत मी मराठी घासून-पुसून लख्ख केली होती. जन्मभर 'मले' म्हणणारा मी तिथं 'मला' म्हणालो. आमच्या धानाच्या रोवण्याची 'पुनर्लागवड' झाली. "घरी बोलता तसंच बोला," असं साहेब दोनदा म्हणाले. मला वाटलं, मोठा माणूस आहे, विनयानं बोलतोय.

या सगळ्या खटाटोपामागे होते माझे सासरे. राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत राबलेला माणूस. "आपला जवाई धान कमी अन् गप्पा जास्त पिकवते," हे त्यांचं जाहीर मत. सौ.ला ते फार लागायचं. म्हणून कार्यक्रम लागायच्या दिवशी ती मला घेऊन माहेरीच हजर झाली. बाबांनी आपल्या कानानं ऐकावं, एवढंच तिचं म्हणणं.

संध्याकाळी अंगणात खाटेवर रेडिओ, भोवती अर्धी आळी. निवेदिकेनं माझं नाव घेतलं. सासूबाईंनी पदर सावरला, जणू जावई आतून बाहेरच येणार होता. मग मी बोलू लागलो. मी बोलत होतो आणि सगळे माझी वाट बघत होते!

कार्यक्रम संपला. सासूबाई म्हणाल्या, "आता जवाईबापू बोलतीन का?"

"मीच बोललो ना जी!"

सासऱ्यांनी रेडिओ बंद केला. "नाव तुमचं घेतलं, ते आयकलं आमी. पन बोलला तो कोनी पुन्या-मुंबईचा साहेब व्हता. तुमाले बोलावलं असन, च्या पाजला असन, अन् बोलाले दुसरा बसवला असन."

मी उभा राहिलो, घसा खाकरला आणि रेडिओवरची दोन वाक्यं तशीच्या तशी म्हणून दाखवली.

"वा!" शेजारचे काका म्हणाले. "नक्कल मस्त करतेत जवाई!"

आळी पोट धरून हसली. सासरे हसले नाहीत. त्यांनी लेकीकडे असं पाहिलं, की तिची मान खाली गेली. माझं सोडा, मला सवय होती. पण बापापुढं ती खोटी पडत होती, ते काही मला बघवेना. आणि मला तर आता खरं बोलायचीही सोय उरली नव्हती.

मग तिनंच मान वर केली.

"बाबा, तो रेडिओतला मानूस शेवटी काय म्हनला, आयकलं ना तुमी? म्हने, चिखलात उतरून सारा रोवना मी सोता करतो. आता आमच्या धानाच्या बांधीत रोवना करतो आमी बायाच. हे कोरड्या धुऱ्यावर छत्री घेऊन उभे रायतेत. आवाज नसन पटत तं नका पटू देऊ, पन इतकी मोठी फेक तुमच्या जवायाबिगर कोन फेकन, सांगा बरं?"