उंदीर नसलेली गोष्ट

मी एका चांगल्या बोलत्या माणसाला गोष्टीत मुका केला, जन्मात कुंचला हातात न धरलेल्या त्याच माणसाला गणपतीचे डोळे काढायला बसवलं, आणि शेवटी त्यांना धरमतरच्या खाडीत बुडवून मारलं. ते आमच्या समोरच राहायचे. गोष्ट छापून आली तेव्हा ते जिवंत होते आणि त्यांना वाचता येत होतं. यातलं वाचता येण्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

हा प्रकार नव्वदच्या दशकातला, रोह्याच्या पुढे रेल्वेचे रूळ टाकणं चालू होतं त्या सुमाराचा. मी राहायला पेणला आणि नोकरीला रोह्याच्या एका कंपनीत, स्टोअरमध्ये कारकून. सकाळच्या गाडीने जायचं, संध्याकाळच्या गाडीने परत यायचं आणि गाडीत साहित्य निर्माण करायचं. कासू स्टेशनला पात्र सुचायचं, नागोठण्याला त्याच्यावर संकट कोसळायचं आणि निडी आलं की माझे डोळे भरून यायचे. रोह्याला ते पुसून जनरल शिफ्टला हजर. एकदा समोरच्या भाजीवाल्या बाईने विचारलं, "कोन गेलं वो तुमचं?" मी रुमाल नाकाला लावून म्हटलं, "नायक." ती हळहळली. "कुठचे नायक? नागोठण्याचे?"

तर समोर गणपतीचा कारखाना होता. पेणमध्ये हे सांगणं म्हणजे समोर घर होतं असं सांगण्यासारखंच. कारखानदाराचे धाकटे भाऊ चाळिशीच्या आसपासचे. कोणाच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, अंगाला हात लावलेला त्यांना चालायचा नाही, आणि बसायची जागा ठरलेली: मागच्या भिंतीचा कोपरा, गोणपाटाचा तुकडा. तिथे बसून ते उंदीर करायचे. गणपतीच्या पायाशी असतो तो उंदीर. साच्यात शाडू दाबायचा, उंदीर बाहेर काढायचा, ओल्या बोटाने सांधा पुसायचा आणि वाळायला ठेवायचा. सगळे उंदीर भिंतीकडे तोंड करून, रांगेत. वर्षभर हेच काम, आणि ते त्यांना आवडायचं.

गल्ली त्यांना "काय रे" म्हणायची. मीही म्हणायचो, वयाने माझ्यापेक्षा मोठे असून. फक्त त्यांची वहिनी "भावजी, जेवायला या" असं अहोजाहो करायची. ते माझं तेव्हाचं "काय रे" इथे खोडून मी भावजी असं लिहितो आहे. उशिरा आलेली अक्कल निदान व्याकरणात तरी वापरावी.

त्या सुमारास एका इंग्रजी मासिकात ऑटिझमवर दीड पान वाचण्यात आलं. त्या दीड पानावर मी तज्ज्ञ झालो. संध्याकाळी पेणला उतरलो, घरी जाऊन चहा घेतला आणि खिडकीतून समोरच्या माणसाचं निदान केलं. डॉक्टरला निदान करायला पेशंटशी बोलावं तरी लागतं. लेखकाला त्याचीही गरज नसते, तो निरीक्षण करतो. सहा-सात वर्षं मी भावजींचं निरीक्षण करत होतो आणि तेवढ्या काळात त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

अशा माणसावर गोष्ट लिहायचा आमच्याकडे एक साचा होता, समोरच्या कारखान्यातल्या साच्यांपेक्षा मजबूत. त्याला मुका करायचा, म्हणजे त्याच्या वतीने लेखकाला मनसोक्त बोलता येतं. त्याला एक दैवी देणगी द्यायची, नाहीतर त्याच्यावर पानं खर्च करायची वाचकाला परवडत नाहीत. आणि शेवटी मारायचा, कारण तो जिवंत राहिला तर उद्या त्याच्याशी वागायचं कसं हा प्रश्न उरतो. मी शाडू दाबला. जो माणसांच्या डोळ्यांत बघत नाही, तो देवाला डोळे देतो! हे वाक्य गाडीत सुचलं तेव्हा मी स्वतःची पाठ थोपटायला हात मागे नेला आणि मागच्या माणसाच्या डब्यातली भाजी सांडवली. माझ्या नायकाने शेवटच्या मूर्तीचे डोळे आखले आणि तो विसर्जनाच्या मूर्तीमागून खाडीत चालत गेला. उंदीर मी गाळले. उंदराने कारुण्य पातळ होतं असं माझं मत होतं.

गोष्ट एका दिवाळी अंकात आली. गोष्टीचं नाव सांगत नाही. त्यात 'मौन' आणि 'तेज' हे दोन्ही शब्द होते यावरून काय ते समजा. आमचा साहित्यिक कंपू रोह्यात एकाच्या माडीवर जमायचा, तिथे मी ती वाचून दाखवली. वाचताना दोनदा गळा दाटून आला. दुसऱ्यांदा तो मी मुद्दाम आणला. लोक रडले. सगळ्यांत जास्त रडले ते रोह्याच्याच एका गणपती मंडळाचे अध्यक्ष. पोहे येईपर्यंत ते सावरले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे कल्पनेतलं नाही. कोण आहे हा माणूस?"

"आमच्या समोरच राहतो. पेणला."

"राहतो? म्हणजे बुडाला नाही?"

"नाही, ते साहित्यात."

अध्यक्षांचा चेहरा जरा पडला. मग उजळला. "म्हणजे अजून डोळे काढतो!"

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. तोंडात पोहे होते असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खरं तर तोंड रिकामं होतं आणि मान वरखाली हलत होती.

होळी झाली आणि अध्यक्ष कारखान्यात आले. मंडळाची मोठी मूर्ती इथेच करायची, अट एकच: डोळ्यांची आखणी त्या दैवी हातांनी झाली पाहिजे. कारखानदार आधी हसला. मग मूर्तीची उंची ऐकून हसायचा थांबला. आखणी नेहमीचा कारागीरच करणार होता, मंडळाला काय कळतंय? पण लोक बघायला येणार म्हणून त्याने भावजींना कोपऱ्यातून उठवलं, पुढच्या दालनात ट्यूबलाइटखाली खुर्चीवर बसवलं आणि हातात कुंचला दिला. कोपऱ्यात उंदीर करायला दुसरा माणूस बसला.

लोक आले. रोह्याहून आले, पेणचे आले, लेखक म्हणून मीही हजर. कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी पायावर डोकं. एका बाईने "बोलत नाहीत ना?" असं त्यांच्यासमोरच विचारलं. भावजी म्हणाले, "बोलतो." ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "चमत्कार!"

त्यानंतर भावजी कारखान्यात यायचे बंद झाले. सकाळी दारापर्यंत यायचे, कोपऱ्यात दुसऱ्याला बसलेला बघायचे आणि परत घरी जायचे. कारखानदार म्हणत होता, होईल सवय. सवय होण्याचं चिन्ह नव्हतं. हे मला खिडकीतून दिसत होतं आणि मी, सवयीने, निरीक्षण करत होतो.

एका रविवारी वहिनी आमच्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. "ओ लेखक, हाय का घरात? तुमीच लिवलंत ना, भावजी डोळं काढतात म्हून?"

"वहिनी, ती कथा आहे. कल्पित."

"कल्पित म्हंजे खोटंच ना?"

"तसं नाही. कल्पिताचं सत्य वेगळ्या पातळीवर..."

"ती पातळी ठेवा रोह्याला. हितं आमचा मानूस जेवत नाय." त्यांनी पदर खोचला. "वर त्यास्नी खाडीत घातलंत! त्यास्नी चप्पल भिजलेली चालत नाय. जेनं त्यांचा कोपरा घालवला त्यानंच आनून द्यायचा. चला."

मी गेलो. भावजी पडवीत बसले होते, दिवाळी अंक शेजारी. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदा त्यांच्यासमोर खाली बसलो. आणि लेखकाने विचारू नये तोच प्रश्न मी विचारला.

"कशी वाटली?"

"उंदीर नाय यात," भावजी पंख्याकडे बघत म्हणाले.

"हो, ते जरा..."

"एकपन नाय. मला बोलता येतं, तुमी लिवलंय येत नाय. मी मेलो नाय. रंगाचा वास मला सोसत नाय, डोळे मी काढत नाय. आनि उंदीर नाय. उंदीर नसला तर गिऱ्हाईक मूर्ती परत आनतं."

एवढी मुद्देसूद समीक्षा माझ्या वाट्याला तोवर आली नव्हती, पुढेही आली नाही. मी विचारलं, "उंदरांची तोंडं भिंतीकडे का ठेवता?" गोष्टीत मी मूर्तींची तोंडं भिंतीकडे करून 'जगाकडे पाठ' यावर अर्धं पान लिहिलं होतं.

"शेपूट माझ्याकडं पायजे. तडकली तर दिसते."

"आणि... तुम्हाला काय पाहिजे?"

त्यांनी लगेच सांगितलं, जणू कोणी विचारायचीच वाट बघत होते. "कोपरा. तो मानूस उंदीर दाराकडं तोंड करून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी कंपनीतून सुटल्यावर मी रोह्यात अध्यक्षांना गाठलं आणि गोष्टीतलं सगळं खोटं आहे असं स्वच्छ सांगितलं. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "किती हा विनय! अहो, तुमच्या कथेचा अर्थ तुम्हालाच कळलेला नाही." मग त्यांनी माझंच वाक्य मला म्हणून दाखवलं, माणसांच्या डोळ्यांत बघत नाही तो देवाला वगैरे. ते तोंडपाठ होतं त्यांना. आपलं भिकार वाक्य दुसऱ्याच्या तोंडून भक्तिभावाने ऐकण्याइतकी शिक्षा लेखकाला दुसरी नाही. मी म्हटलं, त्यांना रंगाचा वासही सोसत नाही. अध्यक्ष पुटपुटले, "व्वा! आणि तरीही!"

परत येऊन मी वहिनींना हे सांगितलं. आता सविस्तर निवेदन लिहावं लागेल, असंही म्हटलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "परत लिवनार? त्या रोहेकरांना हितं आना आनि भावजींनाच विचारू द्या. तोंड हाय त्यास्नी."

हे मला का सुचलं नाही, याचं उत्तर सोपं आहे. मी त्यांना मुकं केलं होतं आणि त्यावर माझाच विश्वास बसला होता.

अध्यक्ष आले, सोबत हार. कारखान्यात कारखानदार, मी, वहिनी, आणि दारात उभे भावजी. अध्यक्ष पायाला हात लावायला वाकले तशा वहिनी मधे आल्या. "हात लावायचा नाय. लांबून बोला."

अध्यक्षांनी लांबून हात जोडले. "आमच्या बाप्पाला दृष्टी द्या."

भावजी त्यांच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणाकडे बघत म्हणाले, "मला येत नाय."

"आपण निमित्त. करवून घेणारा तो."

"मी काढले तर तिरळे होतील."

अध्यक्षांचे हात जोडलेलेच राहिले. भावजींना वाटलं असावं की समजलं नाही. म्हणून त्यांनी बोटाने दाखवलं. "एक हिकडं बघंल. एक तिकडं."

अध्यक्षांनी दालनातल्या त्या उंच, अजून आंधळ्या मूर्तीकडे मान वर करून पाहिलं. त्यांच्या डोळ्यांसमोर काय उभं राहिलं ते मला स्पष्ट दिसलं: रोह्याचा भर बाजार, आरती चालू आहे आणि बाप्पाचा एक डोळा सुपारीच्या दुकानाकडे. त्यांनी घसा खाकरला. आखणी नेहमीच्या कारागिराकडूनच होऊ द्या, म्हणाले, परंपरा महत्त्वाची. ऑर्डर राहिली, फक्त दैवी भाग रद्द झाला. हाराचं काय करायचं ते कळेना, तेव्हा त्यांनी तो माझ्या हातात दिला.

भावजी तोवर आत गेले होते. त्यांनी कोपऱ्यातल्या माणसाला "ऊठ" म्हटलं, गोणपाट झटकला आणि एकेक उंदीर भिंतीकडे वळवायला घेतला. दुपारी वहिनींनी हाक मारली तेव्हा ते जेवायला गेले.

आता ऑटिझमला मराठीत स्वमग्नता म्हणतात. तो शब्द मला पहिल्यांदा सापडला तेव्हा मी उत्साहाने धावत वहिनींकडे गेलो. त्या म्हणाल्या, "म्हंजे काय?" मी म्हटलं, "स्वतःतच बुडालेला." त्या म्हणाल्या, "मग ती गोष्ट तुमच्यावर लिवा ना."

ते मनाला लागलं, आणि लागलेलं वाया घालवायचं नाही हा आमचा धंदा. दुसरी गोष्ट लिहायला घेतली. या वेळी भावजींना आधी विचारलं. ते म्हणाले, "उंदीर घाला." मग रविवारी मी त्यांच्यापासून हातभर लांब बसायचो आणि प्रश्न विचारायचो. काहींची उत्तरं मिळायची. काहींना "नाय सांगायचं" असं उत्तर मिळायचं आणि तिथे मी गप्प बसायला शिकलो, म्हणजे प्रयत्न केला. गोष्टीत भावजी बोलत होते, त्यांच्याच शब्दांत. त्यांना कसलीही देणगी नव्हती. कोणी बुडालं नाही. आणि त्यांना न समजून घेणारा मूर्ख शेजारी म्हणून, वहिनींच्या सल्ल्यानुसार, मी स्वतःलाही त्यात घातलं, जरा सढळ हाताने. दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "छान आहे, पण यात कोणी मरत नाही हो." त्यांनी ती छापली नाही. मला त्याचं फारसं वाटलं नाही, कारण मला खरं मत हवं होतं ते समोरचं.

भावजींनी ती कोपऱ्यातच वाचली. ओळीखाली बोट धरून, मधेमधे हात पुसून. मी हातभर लांब बसून त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते बघत होतो. जुनी खोड. पान उलटायला त्यांना जो वेळ लागला त्यात मी दोन पुरस्कार घेऊन भाषणंही करून आलो.

शेवटचं पान संपलं. त्यांनी कागद नीट जुळवून माझ्या बाजूला सरकवले.

"उंदीर बरोबर हायत."

मला खरंच भरून आलं, निडी नसताना. "आणि बाकीचं?"

भावजींनी साच्यातून एक ओला उंदीर काढला, तोंड भिंतीकडे करून ठेवला आणि शेपटीकडे बघत म्हणाले, "बाकी सगळीकडं तुमीच हाय. तुमी कशाला यात?"