फरशांवरची टिटवी

अक्कलकोट रस्त्याला आमची कॉलनी संपते तिथे एक तळं होतं. त्याला नाव नव्हतं. पावसाळ्यात भरायचं, उन्हाळ्यात मधोमध आक्रसून बसायचं आणि थंडीत त्यावर हळदी-कुंकू बदकं, लांब लाल पायांचे शेकाटे, एखाद्या वर्षी चक्रवाकांची जोडी उतरायची. नोकरीभर मी भूगोल शिकवला. पाणथळ जागा हा भाग फळ्यावर आकृती काढून शिकवायचे. खरीखुरी पाणथळ जागा नीट बघितली ती निवृत्त झाल्यावर, डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून.

तिथेच मामांची ओळख झाली. मैंदर्गीकडचे मेंढपाळ, वय साठीच्या पुढे. मेंढ्यांशी कन्नडमध्ये बोलायचे, माझ्याशी मराठीत. पक्ष्यांची पुस्तकातली नावं मी त्यांना सांगायचे. कोण कुठे अंडी घालतं, कुत्रं आलं की आधी कोण उडतं, हे ते मला सांगायचे. यात माझाच फायदा जास्त होता.

मग ट्रॉल्या यायला लागल्या. पाडलेल्या घरांच्या विटा, प्लास्टर, फुटके कमोड. ट्रॅक्टर काठापर्यंत रिव्हर्समध्ये यायचा, ट्रॉली रिकामी करून निघून जायचा. काही महिन्यांत एका बाजूला सपाट जागा तयार झाली आणि तिच्यावर प्लॉट विकणे आहेत असा बोर्ड लागला. मी महापालिकेकडे अर्ज केला. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की सदर जागेत तलावाची नोंद नाही, सबब तो बुजवला जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी दुसरा अर्ज केला, सोबत फोटो जोडले. त्यावर पाहणीसाठी माणूस पाठवतो असं कळवण्यात आलं.

माणूस यायच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी मामांनी मला हात करून लांबच थांबवलं. राडारोड्याच्या एका ढिगावर टिटवी अंड्यांवर बसली होती. आम्ही जरा पुढे झालो तशी ती उठली आणि आरडाओरडा करत आमच्या डोक्यावर घिरट्या घालू लागली. चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. ती ज्या तुकड्यांमध्ये ठेवली होती त्या पांढऱ्या फरशांवर निळी फुलं होती.

त्या फरशा आमच्या बाथरूमच्या होत्या. दिवाळीआधी आम्ही बाथरूम नवीन केलं होतं. जुनं सामान कुठे टाकू, असं मिस्त्रीने विचारलं तेव्हा मी म्हणाले होते, कुठेतरी लांब टाका. ते लांब म्हणजे घरापासून दहा मिनिटांवर निघालं.

मी मामांना हे सांगितलं. त्यांनी फरशांकडे बघितलं.

"चांगल्या हुत्या की," ते म्हणाले. "कशाला फोडल्या?"

मला लाज वाटली. त्यानंतर कित्येक दिवस आंघोळीला गेले की नव्या फरशीकडे बघवायचं नाही.

पाहणीला आलेला कर्मचारी तरुण आणि सभ्य होता. टिटवी त्याच्या डोक्यावर झेपावू लागल्यामुळे त्याने गाडीवरून उतरल्यावर हेल्मेट काढलंच नाही, सगळा पंचनामा हेल्मेट घालूनच लिहिला. राडारोडा कोणी टाकला ते माहीत आहे का, असं त्याने विचारलं. बाकीच्यांचं मला माहीत नव्हतं.

"हा ढीग माझा आहे," मी म्हणाले.

तो लिहायचा थांबला. "मॅडम, अर्जदार तुम्हीच आहात."

"हो. लिहा."

"असं लिहायला कॉलम नाही."

मग शेरा या सदरात लिहा, असं मी सुचवलं. त्याने लिहिलं. आठ दिवसांनी मलाच नोटीस आली, की टाकलेला राडारोडा सात दिवसांत स्वखर्चाने उचलावा. माझ्या माहितीप्रमाणे त्या तळ्याबाबत झालेली ती एकमेव कारवाई.

मी मुदतवाढ मागितली. कारण लिहिलं, राडारोड्यावर टिटवी अंडी उबवत आहे. उत्तर आलं नाही. दरम्यान रोज सकाळी मामा आपली मेंढरं त्या ढिगाकडे येणाऱ्या वाटेवर बसवू लागले. पहिल्या दिवशी ट्रॅक्टरवाल्याने बराच वेळ हॉर्न वाजवला. मामा त्याच्याशी भांडले नाहीत. मेंढरं बसल्यात, उटली की जावा, एवढंच म्हणाले. मेंढरं काही उठली नाहीत. ट्रॅक्टरवाला तळ्याच्या पलीकडच्या बाजूला गेला आणि ट्रॉली तिकडे रिकामी केली. आम्ही तळं वाचवलं असं कुणी समजू नये. आम्ही एक ढीग वाचवला, तोही माझाच.

तीन अंडी फुटली. पिल्लं त्याच दिवशी आईमागून पाण्याकडे चालत गेली. चौथ्या अंड्यासाठी मामांनी आणखी दोन दिवस मेंढरं बसवली, मग म्हणाले, "आता न्हाय व्हायाचं. उचला बाई."

मी ट्रॉली ठरवली. मामा, ड्रायव्हर आणि मी असं मिळून दुपारपर्यंत सगळं भरलं. घमेलं उचलायची सवय नसल्याने माझी कंबर आठवडाभर धरली होती. शहराच्या दुसऱ्या टोकाला राडारोडा टाकायची ठरवून दिलेली जागा आहे, तिथे आम्ही तो नेला. तिथल्या माणसाने कॉलनीचं नाव ऐकून मला वरून खालपर्यंत बघितलं आणि एवढ्या लांब कशाला आणला म्हणून विचारलं. तुमच्या कॉलनीमागे मोकळी जागा आहे की, सगळे तिथेच टाकतात, असं त्याने मला समजावून सांगितलं.

त्या थंडीत पाणी शाळेच्या पटांगणाएवढं उरलं होतं. बदकं आली, दोनदा गोल फिरली आणि उतरली नाहीत. मी काठावर उभी राहून ती दिसेनाशी होईपर्यंत बघितलं. मामांनीही यायचं थांबवलं, कारण गवत उरलं नव्हतं.

जानेवारीत त्यांचा फोन आला. दुधनीच्या अलीकडे एका तलावावर मेंढरं उतरवली होती. बदकं आल्यात, येऊन बघून जावा, असं म्हणाले. ती आपलीच का, हे त्यांना सांगता येईना, आणि मलाही कळलं नसतं. तरी मी एसटीने गेले. आम्ही बांधावर बसून भाकरी खाल्ली. वीस-एक हळदी-कुंकू बदकं होती, कडेला शेकाटे उभे होते.

"हितं कोन टाकत न्हाय का काही?" मी त्यांच्याच मराठीत विचारलं.

मामांनी पाण्याच्या चारी बाजूंना एकदा नजर फिरवली.

"अजून न्हाय," ते म्हणाले आणि मेंढरं वळवायला उठले.