डब्यांवरचा आवाज

मंगळवारी सकाळी माझी बायको वारली. मी रुग्णालयातल्या बाकावर बसलो होतो. दहाव्या दिवशी नातेवाइकांनी तिचा आवाज वैनगंगेत सोडला.

शेवटच्या वाक्याचा खुलासा करायला हवा. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

मी बालाघाटच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. काचबिंदूने माझी नजर हळूहळू नेली, आधी कडा आणि मग मधलं. अखेरीस वाचनालयातली पुस्तकं मला जागेवरून आणि वासावरून कळत असत. नोकरी संपायच्या आधीच दिसणं संपलं. त्यानंतर आमच्या घरात यंत्रं यायला लागली. मोबाईल बोलायला लागला. तो हिंदीत बोलतो आणि मराठी मजकूर वाचताना एखाद्या परप्रांतीय पाहुण्यासारखा प्रत्येक शब्दापाशी दार ठोठावतो. मग घड्याळ बोलायला लागलं, वजनकाटा बोलायला लागला. बायको म्हणायची, "या घरात आता मीच गुपचूप बसते."

हे खरं नव्हतं. ती कधीच गुपचूप बसली नाही.

पुढे एक बोलणारा पेन आला. तो आम्हाला अपंगांसाठीच्या एका वाटप शिबिरात मिळाला. मंडपात खूप खुर्च्या होत्या आणि मंचावर त्याहून जास्त माणसं होती. माझं नाव पुकारलं तेव्हा बायकोने मला हाताला धरून वर नेलं. कोणीतरी हातात खोका दिला. खोका सोडायचा नव्हता, कारण देणाऱ्यानेही तो धरून ठेवला होता.

"सर, इधर देखिए," फोटोवाला म्हणाला.

मी आवाजाकडे तोंड केलं.

"थोड़ा ऊपर. हाँ. अब मुस्कुराइए."

मी मुस्कुरायला तयार होतो. पण मंचावरच्या साहेबांनी खोक्यातल्या वस्तूची माहिती द्यायला सुरुवात केली आणि ती सगळी माझ्या बायकोला दिली. पेन कसा चार्ज करायचा, स्टिकर कसा चिकटवायचा, सगळं. शेवटी तिलाच विचारलं, "भाई साहब चाय लेंगे?"

"त्याहिलेच पुसा ना," ती म्हणाली. "डोये गेले त्याहिचे, तोंड आहे अजून."

त्याच दिवशी आमच्या ओळखीच्या एका अंध मास्तरांना तीनचाकी सायकल मिळाली. त्यांचे दोन्ही पाय चांगले होते, पण यादीत तसं होतं. ती सायकल ते ढकलत घरी घेऊन गेले. पुढे त्यांच्या मंडळी चालत होत्या आणि "डावीकडं, अजून डावीकडं" म्हणत होत्या.

पेनाचं काम सोपं होतं. सोबत छोट्या गोल स्टिकरांचं पाकीट होतं. स्टिकर वस्तूवर चिकटवायचा, पेनाचं टोक त्याला टेकवायचं, बटण दाबून बोलायचं. पुढे केव्हाही टोक टेकवलं की तो स्टिकर तेच बोलतो. प्रत्येक स्टिकरची खूण वेगळी, म्हणून प्रत्येकाचं बोलणं वेगळं. बोलणं पेनात राहतं, पण ते बोलावून घ्यायला स्टिकर लागतो. वाचनालयात कार्डाशिवाय पुस्तक सापडत नसे, तसंच.

कार्डाचा विषय निघाला म्हणून सांगतो, पहिल्या दिवशी मी बायकोला पद्धत समजावून दिली. आधी वस्तूचं नाव, मग प्रकार, मग जागा. उदाहरणार्थ: मीठ, बारीक, खालची फळी. तिने सगळं ऐकून घेतलं. मग स्वयंपाकघरात गेली आणि एकटीनेच सगळं घर नोंदवून आली. मी पेन टेकवून पाहिला.

"हे मीठ. मोठा चमचा नका टाकू, मागच्या वेळी भाजी कुत्र्यानंबी खाल्ली नाही."

मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

हळदीच्या डब्यावर: "हळद. सांडली त मले सांगू नका, पुसून घेजा." कपाटाच्या दारावर: "तुमचे सदरे डाव्या बाजूले. उजव्या बाजूले काय आहे ते पाहू नका." फिरकीच्या झाकणाच्या तांब्यावर, देवघराच्या पेटीवर, औषधाच्या डब्यांवर, पुस्तकांच्या पाठींवर, दिव्याच्या बटणावर, सगळीकडे ती. दिव्याच्या बटणावर का, असं मी विचारलं. मला दिव्याचा उपयोग नव्हता. ती म्हणाली, "पाहुणे आले का अंधारात बसवता तुम्ही त्याहिले. लोक मले नावं ठेवते."

मी म्हणालो, नोंदी फार लांबलेल्या आहेत, सुधारून घे. तिने सुधारल्या नाहीत. ही गोष्ट आता मला बरी वाटते.

दोन वर्षं मी तिचं न ऐकता काही खाल्लं नाही, घातलं नाही, उचललं नाही. ती बाजारात गेली असली तरी घरात असायची. मग तो मंगळवार आला.

आमच्याकडे दिवस घालायला लामत्याहून माझी मोठी बहीण आली. तिला सगळे मोठी बाई म्हणतात. मोठी बाई घरात शिरली की घराची सूत्रं तिच्याकडे जातात. कोणी देत नाही, ती जातात. तिचं शास्त्र पक्कं आहे. अहेव बाई गेली की तिचं सौभाग्याचं सामान घरात ठेवायचं नाही. बांगड्या, जोडवी, कुंकवाचा करंडा, सगळं दहाव्या दिवशी नदीत सोडायचं.

दहाव्या दिवशी सकाळी मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. आतून नखांनी काहीतरी खरवडल्याचा आवाज येत होता. तीन-चार बायका होत्या. मला वाटलं, सुतक फिटायचं म्हणून डबे घासून राहिल्या असतील. भेटायला आलेला एक गृहस्थ मला आत्मा अमर असतो हे सांगत होता, त्यामुळे मी नीट ऐकलं नाही.

नदीवरून परतल्यावर दुपारी मला चहा करावासा वाटला. पेन खिशात होता. साखरेचा डबा हाताने ओळखून त्यावर पेन टेकवला. पेन गप्प. डबा फिरवून पाहिला. बाजूचा डबा घेतला. मग कपाट, बटण, देवघर. बोटांना सगळीकडे चिकट गोल जागा लागत होती, वर काही नव्हतं.

"बाई," मी विचारलं, "डब्यावरचे स्टिकर कुठं आहेत?"

"कोणते इस्टिकर?"

"गोल. छोटे."

"थ्या टिकल्या?" मोठी बाई म्हणाली. "लाल लाल? त्या त सोडल्या ना रे भाऊ नदीत. करंड्यासंगं. एकबी नाही ठेवली, सगळ्या काढल्या आम्ही. बाई बाई, काय हौस होती तिले टिकल्याइची! आरशाले लावते बाया, पण इनं डब्या-डब्याले लावल्या होत्या. बटनालेबी!"

स्टिकर लाल होते हे मला त्या दिवशी कळलं. दोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं आणि मला विचारायची गरज पडली नव्हती.

मी तिला पेनाचं समजावून सांगितलं. तिने माझ्या हातातला डबा काढून घेतला. मग म्हणाली, "मले काय मालूम का डब्यात ते बोलते म्हणून. काहून नाही सांगतलं कोणी?" आणि थोड्या वेळाने, "पुड्यात बांधून, हात जोडून सोडल्या रे मी."

यानंतर सगळे मला मदत करायला लागले. मला डबे सापडत नाहीत, असा सगळ्यांचा समज झाला. डबे मला सापडत होते. मीठ हे मीठच असतं, चाखलं की कळतं. पेनात ती होती आणि मला तिच्यापर्यंत जाता येत नव्हतं, एवढंच होतं.

भाची गोंदियाहून आली. ती बँकेत आहे, हुशार आहे. तिने मोबाईलमध्ये एक ॲप टाकून दिलं. समोर धरलं की वस्तू ओळखतं. डब्यांसमोर धरलं तर म्हणालं, "स्टील का एक डिब्बा. स्टील का दूसरा डिब्बा. शायद तीसरा." भाची म्हणाली, सवय होईल. मी मोबाईल भिंतीकडे वळवला. तिथे हार घातलेला फोटो आहे. ॲप म्हणालं, "फूलों के साथ एक मुस्कुराती महिला. उम्र लगभग पैंतीस वर्ष."

"पस्तीस!" मोठी बाई म्हणाली. "एकोणसाठची होती ते. फोनलेबी बायाइचं मन राखता येते पाहा."

दुसरं ॲप अनोळखी माणसाला फोन लावून देतं. आपल्या कॅमेऱ्यातून तो पाहतो आणि सांगतो. मला पुण्याची एक मुलगी मिळाली. आवाजात खूप उत्साह होता.

"काका, मला सहा डबे दिसताहेत. कशात काय आहे सांगू?"

"मला माहीत आहे."

"मग काय शोधायचंय?"

मी आभार मानले. फोन ठेवल्यावर ॲपने विचारलं, मदत कशी वाटली, पाचपैकी किती तारे. मी पाच दिले. मुलीचा काही दोष नव्हता.

मग पेनाच्या खोक्यावरचा नंबर भाचीने लावून दिला. बराच वेळ सनई वाजल्यावर एक बाई बोलायला आली.

"सर, पेन को स्टिकर पर रखिए."

"स्टिकर नहीं हैं."

"कहाँ हैं सर?"

"वैनगंगा में."

"सर, ये कौन-सी दुकान है?"

"नदी है."

कागद चाळल्याचा आवाज आला. नदीसाठी तिच्याकडे उत्तर लिहिलेलं नसावं. "कोई बात नहीं सर. नया पैकेट मँगवा लीजिए, और आवाज़ दोबारा रिकॉर्ड करवा लीजिए."

"किससे?"

"जिनसे पहले करवाई थी, सर. और कोई सहायता?"

मी नाही म्हणालो.

शेवटी वाट सापडली ती कोर्टासमोरच्या टायपिंगवाल्याकडे. मी तिथे मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज टाईप करायला गेलो होतो. मोठी बाई सोबत होती. टिकल्यांचं कळलं त्या दिवसापासून ती लामत्याला परत जायला तयार नव्हती. खिशातून रुमाल काढताना पेन खाली पडला. टायपिंगवाल्याने तो उचलून दिला आणि विचारलं, "मास्साब, इसमें तार लगाने का छेद है. कंप्यूटर में लगा के देखा कभी?"

मला वाटत होतं, ते छिद्र चार्जिंगसाठी असतं. पुस्तकांत आयुष्य घालवलं तरी पेनाबरोबर आलेलं माहितीपत्रक मी कोणाकडून वाचून घेतलं नव्हतं. ते मंचावर बायकोला सांगितलं होतं.

त्याने तार लावली. "चौंसठ फाइलें हैं. नाम नहीं है, खाली नंबर. बजाऊँ?"

मी हो म्हणायच्या आत त्याने पहिलं लावलं. तो दिवसभर लोकांना अर्ज मोठ्याने वाचून दाखवतो, त्यामुळे त्याचे स्पीकर मोठे आहेत.

"हा तांदूळ नवा आहे. पाणी कमी टाकजा. अजी, आयकलं का?"

बाहेर शपथपत्रासाठी लोक उभे होते. ते दाराजवळ सरकले. मग एकेक फाईल वाजत गेली. रक्तदाबाची गोळी. सदरे. मीठ आणि तो कुत्रा. मीठ वाजलं तेव्हा कोणीतरी हसलं. नंतर बरेच जण हसले. तिलाही लोक हसलेले आवडत असत.

मग ही फाईल लागली: "हा चिवडा. मोठी बाई येणार असली त वरच्या फयीवर ठेवून देजा. तिचा हात पोहचत नाही."

टायपिंगवाल्याने घाईने बंद केलं.

"लाव," मोठी बाई म्हणाली. "अजून एकदा लाव." त्याने लावलं. तिने ऐकलं. "मले मालूम होतं," ती म्हणाली, "स्टुलावर चढून खात होती मी." मग तिचा आवाज पदराआड गेला.

टायपिंगवाला हळूच म्हणाला, "भाभीजी डाँटती बहुत थीं."

"हौ," मी म्हणालो.

त्याने सगळं मोबाईलमध्ये उतरवून दिलं. अर्जाचे पैसे घेतले, याचे घेतले नाहीत.

घरी येऊन मी माझ्या जुन्या सवयीने नोंदणी सुरू केली. फाईल ऐकायची आणि वस्तूशी जोडायची. मोठी बाई बाजूला बसून भाचीने आणलेले नवे स्टिकर चिकटवायची आणि मी पेन टेकवून तीच फाईल मोबाईलवरून पेनात पुन्हा भरायचो. बरंच जुळलं. पण बायकोने माझी पद्धत पाळली नव्हती, वस्तूचं नाव दरवेळी आधी म्हटलं नव्हतं. काही नोंदींत नाव मुळीच नाही. "याले उन्हात ठेवू नका." "हे अर्धं संपलं." "हात धुऊन घेजा." एका नोंदीत ती फक्त म्हणते, "हे तुमचं आहे. कोणाले देऊ नका." मागे काहीच आवाज नाही, कुकर नाही, रस्ता नाही. आम्ही दोघांनी घरातली एकेक वस्तू उचलून पाहिली. मोठी बाई कोणत्या टिकल्या कुठून काढल्या ते आठवत राहिली. तिला आठवलं नाही.

मोठी बाई मागच्या आठवड्यात लामत्याला गेली. चौसष्ट नोंदींपैकी त्रेचाळीस जागेवर आहेत. एकवीस कशाच्या आहेत, हे मला माहीत नाही.