माणसे पुरी होईपर्यंत

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे भाटवे, यांनी आयुष्यात कोणत्याही गोष्टीची सुरुवात माणसे पुरी झाल्यावाचून केली नाही. पंगत असो, बैठक असो, नाहीतर साधा चहा असो. ज्याला यायचे आहे तो आल्यावाचून ते हात पुढे करीत नसत आणि दुसऱ्यालाही करू देत नसत. कपातल्या चहावर साय धरे आणि भाटवे दाराकडे पाहत स्वस्थ बसून राहत. "मानसं पुरे होऊ दे," एवढेच म्हणत. माझ्या बहिणीला मी बाई म्हणतो. तिचे यावरचे उत्तरही ठरलेले होते: "तुमचे मानसं पुरे होतपर्यंत माह्या भाताचा गोळा होते."

मी तरुणपणी जर्मनीस गेलो आणि तेथेच राहिलो. यंत्रांच्या कारखान्यात नोकरी केली, तेथेच निवृत्त झालो. दोन-तीन वर्षांतून एकदा गावी येणे होई. या येण्यातला सर्वांत लांबचा प्रवास विमानाचा नसून नागपूर ते गोंदिया हा आहे, असे माझे स्पष्ट मत होते आणि आहे. विमान समुद्र ओलांडून वेळेवर उतरते. गाडी मात्र गोंदियाचे दिवे दिसू लागले की आउटर सिग्नलला उभी राहते. शेजारच्या रुळावरून एक मालगाडी जाते, मग दुसरी जाते. डब्यातली माणसे खाली उतरून पाय मोकळे करतात आणि कोणालाही राग येत नाही. मला येत असे.

भाटवे फलाटावर असत. येऊ नका, असे प्रत्येक वेळी कळवूनही असत. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, बाकाच्या कडेला बसलेले. मी डब्यातून उतरताच घड्याळ पुढे करीत असे. ते घड्याळाकडे न पाहता माझी पेटी उचलू लागत.

"भाटवे, ही काय वेळ आहे?"

"आली ना?"

"आली, पण केव्हा?"

"आली ना? मंग?"

त्यांच्या दृष्टीने विषय तेथे संपे. जर्मनीतल्या गाड्यांचे उदाहरण मी बरीच वर्षे त्यांच्या तोंडावर फेकत आलो. तिकडच्या गाड्याही हल्ली सर्रास उशिरा धावतात, हे मात्र त्यांना कधी सांगितले नाही.

स्टेशनाबाहेर रिक्षावाला माझ्याशी हिंदीत बोले. "आइए अंकल, कहाँ जाना है?" मी त्यास मराठीत उत्तर देई आणि तो पुन्हा हिंदीतच बोले. माझ्याच गावात मला परका समजतात, ही माझी पुढची तक्रार. भाटवे म्हणत, "तुह्या बुटाईकडं पाहून राहिला तो. बूट काढ, मराठी बोलन." मग रिक्षात माझे बाकीचे गाऱ्हाणे सुरू होई. कारण नसताना वाजणारे भोंगे, राइस मिलच्या ट्रकांनी अडवलेला रस्ता, बंद झालेल्या फाटकाखालून वाकून जाणारी माणसे, नालीत साचलेल्या पिशव्या. भाटवे सर्व ऐकून घेत. मध्ये "बराबर आहे" असेही म्हणत. पण त्यांच्या गावाची, मुर्रीची, शीव दिसली की हात वर करीत. "झालं तुहं? आता घरी बाई वाट पाहून राहिली. तिले यातलं काईच ऐकवू नको. वर्सभर ती, भाऊ येते, भाऊ येते, करते. आन तू येऊन नाली सांगतेस." शिवेच्या आत मी नालीविषयी कधी बोललो नाही. शिवेच्या बाहेर मला पूर्ण मुभा होती, आणि मी ती वापरीत असे.

जर्मनीविषयी भाटव्यांचे ज्ञान स्वतंत्र होते. मी काहीही सांगितले तरी त्यात ते बदल करीत नसत. शेजाऱ्यांना सांगताना ते माझ्यासमोरच सांगत, "त्याईच्याकडं धान होत नाई. धान नाई म्हून बांधीत पानी साचाची वाट नाई, रोवन्याची वाट नाई, लोंबी भराची वाट नाई. मंग मानसं करतीन का? घड्याळ पाहातेत." शेजारी माझ्याकडे पाहत. मी खंडन करण्याचा प्रयत्न एकदोनदा केला. ऐकणाऱ्यांनी भाटव्यांवर विश्वास ठेवला.

त्यांच्या या स्वभावाने फजितीही होई. एकदा आम्ही जीप करून आमच्याच जिल्ह्यातल्या प्रतापगडास निघालो. दर्ग्यावर चादर चढवायची आणि महादेवालाही जाऊन यायचे, असा गावातल्या मिश्र मंडळींचा बेत होता. भाटवे बुद्धाचे उपासक. ते केवळ सोबतीस आले होते. जीप भरली, चालकाने इंजिन सुरू केले आणि भाटव्यांनी ते बंद करावयास लावले. त्यांचा मित्र नामदेव पान आणावयास गेला होता. उन्हाने पत्रा तापू लागला, चालक चिडला, मी तर चिडलेलाच होतो. बऱ्याच वेळाने मागच्या सीटवरून, पोत्यांच्या आडून, एक आवाज आला. "काऊन बाप्पा, कोनाची वाट पाहून राहिलो आपन?"

"नामदेवची," भाटवे म्हणाले.

"मी तं कवाचा बसलो आहो इथं!"

"मंग बोलला काऊन नाईस?"

"मले वाटलं, अजून कोनी येवाचं आहे. तुमी बसले होते ना वाट पाहत!"

सगळी जीप हसली. भाटवे हसले नाहीत. ते मागे वळून नामदेवला म्हणाले, "पान दे." आणि चालकास म्हणाले, "चाल आता. मानसं पुरे झाले."

त्यांच्या मुलीचे, सुजाताचे, लग्न हा या स्वभावाचा सर्वांत मोठा प्रसंग. नवरीस मंचावर मामाने आणावे, असा आमच्याकडचा रिवाज. दीक्षेनंतर बरेच काही सुटले, हे सुटले नाही. मामा मी एकटाच. मी नागपुरास वेळेवर उतरलो होतो. पुढचे सांगण्याची गरज नाही. गाडी उभी होती, मांडव भरला होता आणि वरपक्षाचे लोक उठबस करीत होते. नवरदेवाचा काका स्पष्टवक्ता होता. तो भर मांडवात म्हणाला, "पावने, पत्रिकेत वेळ छापली ते कायले छापली?"

"ते तुमाले येवासाठी छापली," भाटवे म्हणाले. "मुहूर्त आपन दीक्षा घेतली तवाच सोडला ना? मंग घाई कायची? मामा आला का मुहूर्त."

हे उत्तर बिनतोड होते, पण एक अडचण त्यात बसत नव्हती. विधी करावयास आलेले भंतेजी दुपारनंतर अन्न घेत नसत आणि सूर्य डोक्यावर येत चालला होता. माणसे पुरी झाल्यावाचून पान वाढायचे नाही, हा भाटव्यांचा आयुष्याचा नेम; आणि माध्यान्हीनंतर जेवायचे नाही, हा भिक्खूंचा. भाटव्यांनी स्वतः ताट आणून भंतेजींसमोर ठेवले आणि हात जोडले. "तुमी जेवून घ्या भंतेजी. तुमचा नेम आहे. माहा तं हट्ट आहे."

मी पोहोचलो तेव्हा माझ्या सदऱ्यावर प्रवासाची धूळ होती. नवरदेवाचा काका माझ्याकडे पाहून मोठ्याने म्हणाला, "हे जर्मनीचे का? मले वाटलं, पायीच येऊन राहिले का काय!" मी सुजाताचा हात धरून तिला मंचावर नेले. भाटवे खाली उभे होते. स्वतः त्यांनी सकाळपासून पाणीही घेतले नव्हते, हे बाईने मला नंतर सांगितले.

पुढे माझी आई गेली. शेवटची वर्षे ती बाईकडेच होती. निरोप मिळताच मी निघालो. भाटव्यांनी सर्वांना थांबवले. बर्फाच्या लाद्या आणवल्या. "बाबू येऊन राहिला," एवढेच ते माझ्याविषयी सांगत राहिले. माझे पुढचे विमान रद्द झाले. दिवस उन्हाळ्याचे होते. जे व्हायला नको ते होऊ लागले, तेव्हा गावकऱ्यांनी भाटव्यांना बाजूस नेऊन समजावले. मी पोहोचलो तेव्हा सर्व आटोपले होते. फलाटावरच्या बाकावर बसून, माझी पेटी न उचलता, भाटवे एवढेच म्हणाले, "थांबवाचं नोयतं पाहिजे. मानसाले थांबवता येते बाबू, मातीले नाई."

त्यानंतर अनेक वर्षे गेली. गेल्या पावसाळ्यात सुजाताचा फोन आला. भाटव्यांचे हृदय थकले होते. नागपूरच्या डॉक्टरांनी घरी न्या असे सांगितले होते. माझे तिकीट दिवाळीनंतरचे, मंडईच्या जत्रेच्या दिवसांतले, काढलेले होते. तसे मी तिला म्हणालो. मागून भाटव्यांचा आवाज आला, "दे इकडं." पडद्यावर त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता.

"मंडईले येतेस म्हनतात. ये. पन एक आयकून घे. माह्या मातीले कोनासाठी थांबवाचं नाई, तुह्यासाठीही नाई. मी सुजीले सांगून ठेवलं, गावालेही सांगितलं. जे मायचं झालं ते माहं नाई झालं पाहिजे. पाहाचं असन तं बोलत्या मानसाले पाहून जा."

मी तिकीट बदलून घेतले.

या वेळी फलाटावर कोणी नव्हते. बाकाकडे न पाहता मी बाहेर आलो आणि रिक्षा केली. भाटवे छपरीत खाटेवर बसलेले होते. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या, पण सदरा पांढराच होता.

"गाडी कितीक लेट होती?" त्यांनी विचारले.

"वेळेवर होती."

ती वेळेवर नव्हती. भाटवे आत वळून बाईला म्हणाले, "सुजीची माय, पाहून घे याले. मीच बिमार नाई, हाही बिमार दिसते. याची एकही तक्रार नाई."

मी राहिलो ते दिवस साधे गेले. सकाळी आम्ही दोघे छपरीत बसत असू. समोरच्या भाताच्या बांधीतला, लवकर येणारा हलका धान पिवळा पडत होता. भाटवे थोडे बोलत, थकले की थांबत आणि पुन्हा तेथूनच पुढे बोलत. त्यांना भीती वाटत असल्याचे मला दिसले नाही. परतीचा दिवस आला तेव्हा जर्मनीहून माझ्या मुलीचा फोन आला, पेटी भरली का म्हणून. मी तिला सांगितले की मी येत नाही. केव्हा येणार, असे तिने विचारले. ठाऊक नाही, असे मी सांगितले. माझ्या तोंडून असे उत्तर तिने पूर्वी ऐकले नव्हते.

दुपारी गाडीची वेळ जवळ आली तशी भाटव्यांची चुळबुळ सुरू झाली. "बाबू, निंगत काऊन नाईस? गाडी सुटन."

"सुटू दे."

"मंग विमान?"

"तेही सुटेल."

"माह्यासाठी थांबून राहिला का?"

"नाही. जेवण व्हायचे आहे."

जरा वेळाने ते बाईला हाक मारून म्हणाले, "याच्यासाठी भात मऊ कर. तिकडं राहून याचे दात गेले." बाई आत जाऊन रडली. आम्ही दोघांनी ते ऐकले नाही असे दाखवले.

हलक्या धानाची कापणी लागली त्या दिवसांत, सर्वांची जेवणे झाल्यावर, दुपारी पडल्या पडल्या भाटवे गेले. मी जवळच्या खुर्चीवर होतो. बाई भांडी आवरून येत होती. सुजाता तिच्या घरून येऊन दोन दिवस तेथेच होती. कोणास धावत यावे लागले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाव जमले. पंचशील झाले, वंदना झाली. नामदेव आता फार म्हातारा झाला आहे. काठी टेकीत तो पुढे आला. उचलण्यापूर्वी कोणा वडीलधाऱ्याने विचारावे, अशी रीत आहे. त्याने विचारले, "कोनी येवाचं राहिलं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. इतकी वर्षे या प्रश्नाचे उत्तर मीच होतो. सवयीनेच त्यांची नजर वळली असावी. बाईनेही पाहिले.

"नाई," मी म्हणालो. "उचला."