देवाच्या फुलांसाठी पलीकडे

आमचं अमेरिकेतलं गाव म्हणजे डोंगरात चार रस्ते, एक चर्च आणि एक गॅस स्टेशन. नवरा इथल्या दवाखान्यात डॉक्टर, म्हणून आम्ही इथे. घरामागच्या जंगलात झाडं कापून एक सरळ, मोकळा पट्टा ठेवलाय. त्याच्या मधोमध सरहद्द, पलीकडे कॅनडा. कुंपण नाही, भिंत नाही, नुसतं गवत. आणि झाडांवर कॅमेरे. मला त्या गवताची फार धास्ती वाटायची. माझ्या व्हिसाचं रिन्यूअल तेव्हा अडकलेलं. देशाबाहेर पाऊल पडलं असतं तर परत येण्याचं काही खरं नव्हतं.

उन्हाळ्यात साताऱ्याहून आई आली. देवाला ताजी फुलं हवीतच. सकाळी पिशवी घेऊन निघायचं आणि लोकांच्या कुंपणावरच्या फांद्या वाकवायच्या, ही तिची जन्माची सवय. ती आल्या आल्याच मी बजावलं, "अगं, इथे कुणाच्या फुलांना हात लावू नकोस हं. लोक घरात बंदुका ठेवतात." "बरं बाई," म्हणाली.

एका सकाळी उठून बघते तर आई घरात नाही. मागचं दार सताड उघडं. तशीच जंगलात धावत सुटले. मोठ्यानं हाक मारायचाही धीर होईना, न जाणो कोण ऐकेल!

आई सापडली. पट्ट्यापलीकडच्या उतारावर बसली होती, मांडीवर जांभळ्या फुलांनी भरलेली पिशवी. "बघ गं," खुशीत म्हणाली, "ही कुणाचीच नाहीत!"

"आई, आत्ताच्या आत्ता इकडे ये."

"पाय मुरगळलाय. उठता आलं असतं तर बसले असते का? ये ना, बघत काय उभी राहिलीस?"

शाळेत जाणारी लेक, नवऱ्याची नोकरी, सगळं डोळ्यांपुढून गेलं. वर कॅमेरा होता. समोर आई हात पुढे करून बसली होती. गेले शेवटी. तिला काखेत धरून अक्षरशः ओढत आणलं. फुलं मात्र तिनं सोडली नाहीत.

घरी आल्यावर मी जी सुटले! "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? सरहद्दीवरच्या पोलिसांनी उचलून नेलं असतं म्हणजे? कुठे शोधायचं होतं मी तुला?"

"गवतच तर होतं गं," एवढंच पुटपुटली.

कोणी आलं नाही. तरी कित्येक दिवस बाहेर खडीवर गाडी वाजली की मी पडद्यामागे. आणि माझ्या मागे आई, लेकरानं पदर धरावा तसा माझा स्वेटर धरून.

तिचा पाय बरा झाला. आमच्या मागच्या अंगणात, दारापासून हाताच्या अंतरावर, डेझीचा ताटवा आता फुललाय. आई पिशवी घेऊन पायरीवरच थांबते. मी खिडकीत आले की विचारते, "इथपर्यंत चालेल ना गं?"