स्वेटर सरांचा सूर्य

शाळेत त्यांना सगळे 'स्वेटर सर' म्हणत. भर उन्हाळ्यात हा किडकिडीत माणूस राखाडी स्वेटर घालून सूर्य शिकवायला उभा राहायचा. पोरं हसणार नाहीत तर काय! सर मात्र रंगात यायचे. "सूर्यात काही जळत नाही रे, गाढवांनो! हायड्रोजनचे कण एकमेकांना जवळ फिरकू देत नाहीत. पण वरून साऱ्या सूर्याचं ओझं, आत भयंकर उष्णता. त्यात कधीतरी एखादी जोडी अगदी चिकटते. असं होत होत चार कणांचा एक हेलियम होतो, वजन जरासं कमी भरतं, आणि त्या हरवलेल्या वजनाचंच ऊन होतं." मग ठरलेला विनोद: "पण हे इतकं रमतगमत चालतं, की किलोला किलो धरलं तर सूर्यापेक्षा तुमचं अंग हजारो पटींनी जास्त ऊब देतं!"

एकतीस वर्षं हे सांगणाऱ्या माणसानं स्वतःच्या मुलीला कधी पोटाशी धरलं नव्हतं. आईविना वाढलेली पोर, पण लाड म्हणजे फाजीलपणा, असं सरांचं मत. अहो, कसलं मत नि कसलं काय! त्यांना जमायचंच नाही.

आज तीच मुलगी दवाखान्यात शेजारच्या खोलीत बेशुद्ध पडली होती. अडीच महिने आधीच बाळंत झालेली, जावई दूर बोटीवर. नात जेमतेम अकराशे ग्रॅमची, आणि बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या सगळ्या भरलेल्या.

"सर, छातीशी धरून बसा," सिस्टर म्हणाली. ती त्यांचीच जुनी विद्यार्थिनी. "आता तुमच्या अंगाची ऊब हेच औषध."

"माझ्या? अगं, मीच बारा महिने गारठलेला!"

सरांनी स्वेटर काढला, शर्टाची बटणं सोडली. बनियन मात्र राहू दिलं. विद्यार्थिनीसमोर बरगड्या कशा दाखवायच्या? तिनं बाळ त्यांच्या शर्टाच्या आत सरकवलं, वर पांघरूण घातलं आणि दुसऱ्या बाळाकडे धावली.

बाळाचं तापमान चौतीस पॉइंट दोन सेल्सिअस होतं; हवं होतं साडेछत्तीस. अर्ध्या तासानं चौतीस. मग तेहतीस पॉइंट आठ. सर ओरडले, "जातेय गं ही! काहीतरी कर!"

सिस्टरनं पांघरूण बाजूला केलं आणि कपाळावर हात मारला. "सर, बनियन? लाजताय कुणाला? अगदी जवळ आल्याशिवाय काही होत नाही, हे आम्हाला कुणी शिकवलं?" तिनं कात्रीनं बनियन उभं कापलं.

ते गार, ओलसर, इवलंसं अंग कातडीला टेकलं आणि सर हमसून रडले. एवढ्या वर्षांत स्वतःच्या लेकीचं अंग कसं लागतं, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. "थांब गं बाई," ते पुटपुटत राहिले, "जाऊ नकोस."

तेहतीस पॉइंट नऊ. चौतीस. खूप वेळानं, चौतीस पॉइंट एक.

"अजून पुष्कळ चढायचंय," सिस्टर म्हणाली. "हलायचं नाही, सर."

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून क्षीण हाक आली. "बाबा..." मग पुन्हा, रडवेली, "बाबा, या ना."

सर अर्धवट उठले. बाळ शहारलं. ते मटकन खाली बसले. जन्मभर ती हाक मारायची आणि ते उठत नव्हते. आज जीव तुटत होता आणि उठता येत नव्हतं.

"सिस्टर," ते म्हणाले, "तो माझा स्वेटर ने. तिच्या अंगावर घाल. आणि सांग, बाबाला येता येत नाहीये."